मिठागरवाल्यांचे कान

कानाच्या क्लिनिकमध्ये काहीही लपून राहत नाही. पेशंट मोठ्याने बोलतो, त्याला उत्तर देणारा त्याहून मोठ्याने बोलतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना बसल्या जागी सगळं कळतं. ठाण्याच्या नौपाड्यात आमचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, तरी खालच्या फरसाणवाल्याला आमच्या पेशंटच्या सुनांची नावं पाठ आहेत. त्यामुळे किस्से शोधायला लागत नाहीत, येऊन पडतात. 'बहिऱ्याचे विनोद' म्हणून जे सांगतात ते मला आवडत नाहीत, ते मी सांगणार नाही. हे किस्से चार म्हाताऱ्या रॉकवाल्यांचे आहेत. सांगू का, म्हणून मी जनूदादांना रीतसर विचारलेलं. ते म्हणाले, "सांग की बिनधास्त. मना कुठं ऐकू येनार हाय?"

'मिठागर' हा ठाण्यातला जुना मराठी रॉक बँड. चौघांनी कॉलेजात असताना सुरू केलेला, आणि नोकऱ्या, लग्नं, बायपास सगळं करून अजून चालू ठेवलेला. ड्रमवर माजिवड्याचे जनूदादा. त्यांच्या घरची खरोखरची मिठागरं होती, म्हणून ते नाव. गिटारवर श्रीरंगकाका, बँकेतून रिटायर झालेले, क्लिनिकपासून चालत पाच मिनिटांवर राहतात. गाणारे विलासकाका. आणि बेस गिटारवर अविनाशकाका, ते फारसं बोलत नाहीत. सगळे सत्तरीला आलेले. मी डोंबिवलीत भावगीतं ऐकत वाढले. ह्यांचा एकही कार्यक्रम मी बघितलेला नव्हता, माझी ओळख थेट त्यांच्या कानांशी झाली.

*

पहिले आले श्रीरंगकाका. दोन्ही कान कमी, पण डावा फारच. मी विचारलं, "काका, काही कारण?"

"कारण माजिवड्याला राहतं," ते म्हणाले. "त्याचं नाव जनार्दन."

स्टेजवर आयुष्यभर त्यांच्या डाव्या कानाशी जनूदादांचा ड्रमसेट वाजत आलाय म्हणे. कितीदा सांगितलं, तो ऐकत नाही.

पुढच्या आठवड्यात जनूदादा आले. त्यांचा उजवा कान जास्त गेलेला. बसायच्या आधीच म्हणाले, "त्या शिरंगचा स्पीकर माझ्या उजव्या कानाला असतो. त्याला बोललो, हलू कर. तो मना बोलतो, तू हलू वाजव."

दोघांचे रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवले, तर स्टेजवर कोण कुठे असतं त्याचं चित्र काढता आलं असतं. मी दोघांनाही वेगवेगळं बोलावून सांगितलं की तुम्ही दोघंही बरोबर आहात. दोघांनाही ते आवडलं नाही.

*

श्रीरंगकाकांना कानातलं मशीन दिलं. नीट बसलं नाही की मशीन शिट्टी मारतं, ही नेहमीची तक्रार आहे. बाकीचे पेशंट वैतागतात, घरचे तर जास्तच. काका दुसऱ्या दिवशी हजर, मशीन शिट्टी मारतंय आणि चेहरा एकदम प्रसन्न.

मी म्हटलं, "थांबा, बंद करते."

"नको नको," ते म्हणाले. "हा आवाज काढायला मी तरुणपणी स्पीकरसमोर गिटार धरून तासन्तास उभा राहायचो. आता नुसती मान वळवली की येतोय." मग थोडा विचार करून म्हणाले, "फक्त सूर जरा खाली उतरवता येईल का? आमचं दुसरं गाणं ई मायनरमध्ये आहे."

नाही आलं उतरवता. पण मी खरंच प्रयत्न केला, हे कोणाला सांगू नका.

*

विलासकाकांचा किस्सा छोटा आहे. त्यांची टेस्ट केली, कान एकदम ठणठणीत, माझ्यापेक्षाही चांगले. मी खुशीत सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही, काका. अभिनंदन."

त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाहेर बोलू नकोस. रॉक गातो मी."

*

जनूदादांची टेस्ट मी विसरणं शक्य नाही. आमच्याकडे एक छोटी साउंडप्रूफ खोली आहे. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या बाहेरून बारीक 'टूं' आवाज सोडते. ऐकू आला की बटण दाबायचं, बस.

दादांनी एकही चुकवला नाही. मी आवाज कमी करत गेले, ते दाबत गेले. कॉलेजच्या पोरांना येत नाही इतका बारीक केला, तरी बटण. माझ्या अंगावर काटा आला. सत्तरीचा ड्रमवाला आणि असे कान? आमच्या रिसेप्शनवरच्या सुषमाला मी खुणेने बोलावलं, म्हटलं बघ.

तेवढ्यात माझा फोन वाजला, म्हणून मी आवाज सोडायची थांबले. आत दादा बटण दाबतच होते. आवाज नाही, काही नाही, आणि बटण चालू, एका लयीत.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सवयीने मी सगळे आवाज सारख्या अंतराने सोडत होते. ते दादांनी सुरुवातीलाच पकडलेलं. पुढे ते ऐकत नव्हतेच. मी दार उघडून विचारलं, "दादा, हे काय?"

"तू ताल दिलास," ते म्हणाले, "मी वाजवला."

मग मी मुद्दाम वेडेवाकडे आवाज सोडले, तेव्हा खरं काय ते कळलं. खालचे जाड आवाज दादांना ठीक ऐकू येत होते, वरचे बारीक आवाज जवळपास गेलेलेच. इतका गेलेला कान आणि इतका पक्का ताल एकाच माणसात मी तोपर्यंत बघितला नव्हता.

*

त्याच दिवशी निघायच्या आधी दादा म्हणाले, "डोंबिवलीचा एक प्रोग्राम करतो, मंग बास. त्या तिघांना अजून बोललो नाय."

"का हो दादा?"

"लोकांना आता आवडत नाय गो. आदी गाना संपला की टाल्यांनी वरचे पत्रे हलायचे. आता आमी वाजवतो, संपतो, आन् समोर गप्प. लाइट डोल्यांवर असतो, अंधारात मानसं दिसत नाय. पन कलतं ना आपल्याला."

मी म्हटलं, "श्रीरंगकाका काय म्हणतात?"

"तो बोलतो टाल्या वाजतात. त्याला ड्रमवाला पायजे, तो बोलनारच. आन् त्याला तरी कुठं ऐकू येतं?"

मी उठून त्यांच्या पाठीमागे गेले आणि खोलीच्या त्या टोकाला उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. दादा समोरचं कॅलेंडर बघत शांत बसले होते. सुषमा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेली.

हा माणूस कित्येक वर्षं कार्यक्रम संपवून घरी जाताना काय विचार करत गेला असेल? मी त्यांना समजावलं. ड्रमचा धप् तुम्हाला येतो दादा, टाळीचा चट् येत नाही. लोक वाजवतायत, तुमच्यापर्यंत पोचत नाही. मग मशीन लावून परत टाळ्या वाजवल्या. दादा दचकले.

"हां, आल्या," ते म्हणाले. "पन तू समोर वाजवल्यास म्हणून आल्या. तिकडं कोन वाजवतो? तू चांगली हायेस गो, मना बरा वाटावा म्हणून बोलतंस."

ड्रम वाजवताना मशीन घालायचं नाही, असं मीच सांगितलं. आवाज फार होतो. पण शेवटचं गाणं झालं की लगेच घाला आणि ऐका, एवढं माझ्यासाठी करा, म्हटलं. त्यांनी मशीनची डबी शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाले, "बघू."

*

डोंबिवलीच्या कार्यक्रमाला मी गेले ती पेशंटसाठी. सुषमा ठाकुर्लीहून आलेली, नवऱ्याला भाजी गरम करून घ्यायला सांगून. ती भजनी मंडळातली, रॉक म्हणजे तिच्या भाषेत 'किंचाळणं'. आम्ही दोघींनी फोमचे इअरप्लग पिशवी भरून नेलेले, पुढच्या रांगांत वाटायला. मी मोबाईलवर आवाज मोजायचं मीटरही लावलेलं. म्हटलं, नंतर आकडा दाखवून चौघांना झापायचं.

आत गेलो तर अर्धं नाट्यगृह ओळखीचं. ज्यांना मी मशीन दिली ते सगळे इथे. चष्मे, काठ्या, जुने काळे टी-शर्ट पोटावर ताणलेले. पडदा सरकला तशी सगळ्यांनी आपापली मशीन काढून खिशात ठेवली, कोणी सांगायला लागलं नाही. इअरप्लग फक्त एका आजोबांनी घेतले, नातवासाठी.

चौघं स्टेजवर आले. विलासकाकांसाठी स्टूल ठेवलेलं. श्रीरंगकाका बोटं चोळत होते, थंडीत त्यांची बोटं आखडतात. जनूदादा ड्रमच्या मागे सावकाश, गुडघे धरून बसले. मला वाटलं, देवा, ह्यांचं नीट पार पडू दे.

आणि दादांनी पहिला ठोका मारला.

मी ह्या विषयात शिकलेली आहे. आवाज म्हणजे काय ते मी वीस-वीस मिनिटं लोकांना समजावून सांगते. पण तो ठोका मला कानात नाही, बरगड्यांत ऐकू आला. त्या पाठीत, त्या हातांत म्हातारपणाचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. श्रीरंगकाकांची आखडलेली बोटं धावत होती. विलासकाका स्टुलावर बसलेच नाहीत. अविनाशकाका एका जागी उभे राहून सगळ्यांना धरून होते. चौघांपैकी दोघांना एकमेकांचं धड ऐकू येत नव्हतं, हे त्या अख्ख्या नाट्यगृहात मला एकटीला आकड्यांसकट माहीत होतं. आणि एक मात्रा इकडची तिकडे होत नव्हती. मला भीती वाटली आणि आनंद झाला, दोन्ही एकदम. तिसऱ्या गाण्याला मी माझे इअरप्लग काढले. माझ्या एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला उभं-आडवं घेतलं असतं.

मीटरकडे मी बघितलंच नाही. सुषमा खुर्चीच्या टोकावर बसलेली, हात मांडीवर, डोळे भरलेले. मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, ह्यांचे कान आपण काय तपासणार?"

*

शेवटचं गाणं संपलं आणि लोक उभे राहिले. टाळ्या अशा की बाहेरचा वॉचमन आत डोकावला. तिघं पुढे येऊन वाकले. जनूदादा मात्र मागे ड्रमपाशीच बसून होते, खाली मान घालून खिसा चाचपत. त्यांनी डबी काढली.

डावं मशीन बसलं. उजवं बसेना. इतका वेळ वाजवून बोटं घामाने ओली झालेली, दोनदा ते मांडीवर पडलं. इकडे लोकांचे हात दुखायला लागले, टाळ्या हळूहळू ओसरू लागल्या. काही जण पिशव्या उचलायला वाकले. मी खुर्चीतून अर्धी उठलेली, काय करावं सुचत नव्हतं. स्टेजवर जायला पायऱ्या कुठे आहेत तेही दिसेना.

श्रीरंगकाकांनी मागे वळून बघितलं. मग ते माईकपाशी आले.

"थांबू नका," ते म्हणाले. "त्याच्या कानात अजून बसलं नाहीये."

तरुण पोरांना काही कळलं नाही. माझ्या पेशंटनी गाणं संपताच मशीन परत घातलेली, त्यांना कळलं. वाकलेले सरळ झाले, बसलेले परत उभे राहिले आणि टाळ्या पहिल्यापेक्षा वाढल्या. सुषमा खुर्चीवर चढून वाजवत होती. श्रीरंगकाकांनी गिटार खाली ठेवली, ड्रमच्या मागे गेले, जनूदादांच्या बोटांतून ते मशीन घेतलं आणि एका हाताने त्यांचं डोकं धरून उजव्या कानात स्वतः बसवलं.

जनूदादा तसेच बसून राहिले, तोंड थोडं उघडं. टाळ्या चालूच होत्या. त्यांच्यासमोर कोरससाठी लावलेला माईक कोणी बंद केलेला नव्हता, त्यामुळे पुढचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"शिरंग, हे कवापासून चाललंय रं?"

"पहिल्या गाण्यापासून."