शमीखालच्या सहा चिठ्ठ्या

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पॅथॉलॉजी लॅबमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली बाई मी... स्लाइडवर दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. या सदरातले अनुभव वाचूनसुद्धा नाक मुरडायचे. आता मुरडत नाही.

१९९८ चा मार्च. आम्ही तेव्हा शारजात राहायचो. सुधीर, माझे मिस्टर, हमरिया फ्री झोनमध्ये इंजिनियर होते, आणि मुलगी मुग्धा नऊ वर्षांची. माझे सासरे — अण्णा — व्हिजिट व्हिसावर आले होते. पुण्याला कॉलेजात बॉटनी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई म्हणजे माई आदल्या वर्षी गेल्या, आणि तेव्हापासून ते रस्ते विसरायला लागले. हात तर इतका कापायचा, की व्हिसाच्या फॉर्मवर सही जमेना. अंगठा उमटवावा लागला. 

अण्णा-माईंची कामाची एक पद्धत होती. अण्णा रानात फुलं गोळा करायचे, जुन्या पेपरच्या घड्यांत घालून दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवायचे, आणि प्रत्येक फुलाबरोबरची चिठ्ठी माई लिहायच्या — पेन्सिलीने. अण्णा ओरडायचे की तारीख लिही, पण माईंनी जन्मभर तिथीच लिहिली. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून संग्राहकाच्या पुढे नुसतं ‘हे’. आम्ही सगळे त्यावरून त्यांना चिडवायचो.

त्या वर्षी हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. धैद रोडवर कुंपण घातलेलं एक डेझर्ट पार्क होतं, तिथलं वाळवंट फुललंय असं कळल्यावर अण्णांनी शुक्रवारी पहाटेपासून माझ्यामागे धोशा लावला. चौघंही गेलो. खरंच डोळ्यांवर विश्वास बसेना. वाळूवर पिवळ्या फुलांची साय धरलेली, रुई फुललेली, मधूनच चंडोल उडत होते. कुंपणालगत दोन हरणं कान टवकारून उभी होती. अण्णा एका झाडाला हात लावून म्हणाले, “अगं, ही तर आपली शमी. इथे गाफ म्हणतात हिला.” कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना बघत होते.

मग मात्र ते थांबेचनात. दर दोन पावलांवर बसायचे, मलाही बसवायचे. मुग्धाला भूक लागलेली, ऊन चढलेलं... मी वैतागले. म्हटलं, “अण्णा, तुम्हाला हवं तिथे फिरा, मी गाडीपाशी आहे.” रस्ते विसरणाऱ्या माणसाला मी हे म्हटलं. 

अकराच्या सुमारास ते दिसेनासे झाले. मोबाइल नव्हता, आणि पाण्याची बाटली गाडीतच राहिलेली. हाका मारून मारून सुधीरचा आवाज घोगरा झाला. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. शेवटी पार्कचा वॉचमन, एक वयस्कर पठाण, वाळूवरची पावलं बघत निघाला. आम्ही त्याच्या मागे.

अडीच वाजता सापडले. कुंपण एका जागी मोडलं होतं, त्याच्या पलीकडे, टेकाडामागच्या एका शमीखाली मांडी घालून बसले होते. ओठ फुटलेले, पण चेहरा शांत. मी रडतच पाणी पाजलं. म्हटलं, का गेलात इतक्या लांब?

“वाट चुकलो,” ते म्हणाले. “ती म्हणाली, उन्हात चालू नका, इथेच बसा. सूनबाई येईल.”

“कोण म्हणाली?”

“कोण म्हणजे? माझ्या चिठ्ठ्या कोण लिहितं?”

ऊन लागलं असेल, बडबडतायत, असं मी धरून चालले. पण परत येताना वॉचमन सुधीरला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “साब, इनके पाँव पहले गोल-गोल घूमे. फिर एकदम सीधे पेड़ तक. जैसे कोई हाथ पकड़ के ले गया.” पावलं मात्र एकाच माणसाची होती. मीही बघितली होती.

घरी येऊन मी अण्णांनी बरोबर नेलेल्या फळ्या सोडल्या. सहा घड्या, सहा फुलं, आणि प्रत्येकाबरोबर चिठ्ठी. ‘स्थळ : शारजा. फाल्गुन वद्य सप्तमी. फूल पिवळे, वास मंद. संग्राहक : हे.’ अक्षर जराही न कापलेलं. मुग्धा खांद्यावरून डोकावली आणि सहज म्हणाली, “बट मम्मा, धिस इज आजीज् हँडरायटिंग.”



जुन्या चिठ्ठ्या असतील म्हणावं, तर त्यांवर शारजा कुठून आलं? माईंकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. आणि तिथी? घरात फक्त कंपनीचं कॅलेंडर होतं, इंग्रजी आणि अरबी तारखांचं. पुढच्या आठवड्यात बर दुबईला देवळाच्या गल्लीत गेले, तिथे एका दुकानदाराकडचं मराठी पंचांग मागून बघितलं. त्या शुक्रवारी सप्तमीच होती.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू, भुताला घाबरतात तशी घाबरले — आणि तेही माईंना, ज्या मला कधी वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी अण्णा सकाळी सातलाच बूट घालून, फळ्या काखेत धरून दाराशी बसले. मी म्हटलं, आज पाहुणे येणारेत. त्याच्या पुढच्या शुक्रवारी म्हटलं, गाडी बिघडलीय. तिसऱ्या शुक्रवारी म्हटलं, ऊन फार आहे. त्यांनी वाद घातला नाही. बूट काढता काढता एवढंच बोलले, “येतो म्हणून सांगून आलो होतो गं तिला.”

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आत कुकर लावायला गेले. एप्रिलमध्ये व्हिसा संपला, ते पुण्याला परत गेले, आणि आषाढात गेलेच.

चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. दोन जाणकारांना दाखवल्या, दोघेही म्हणाले अक्षर माईंचंच. याचं स्पष्टीकरण मला आजवर मिळालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते शोधतही नाही. तिथे कोण होतं मला माहीत नाही. पण जे कुणी होतं, त्याने माझ्या चुकीतून अण्णांना वाचवून माझ्या स्वाधीन केलं होतं, आणि मी त्यांना एकदा, फक्त एकदा, परत नेलं नाही.