पिचरशी कुणी बोलायचं नाही

कीथने माझ्या जॅकेटची बाही धरून मला मागे खेचलं, तेव्हा माझ्या एका हातात आइस पॅक होता आणि दुसऱ्या हातात शंकरपाळ्यांचा डबा. मी फक्त माझ्या पेशंटकडे निघाले होते. पेशंट बाकाच्या पार त्या टोकाला एकटा बसला होता आणि बाकीची टीम या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटीने बसली होती. त्याला कांजिण्या झाल्यात की काय, असं वाटावं.

"लव्ह, तिकडे जायचं नाही," कीथ म्हणाला. यॉर्कशायरमध्ये बस ड्रायव्हरसुद्धा आपल्याला लव्ह म्हणतो, त्याचं काही नाही. पण जायचं का नाही?

"मी त्याची फिजिओ आहे."

"आज नाहीस. आज त्याच्याशी कुणी बोलायचं नाही."

ही लीड्समधली, आयपॉड नवे होते तेव्हाची गोष्ट. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागात होते. खांदे, गुडघे आणि कंबर ही आमची दुकानदारी. बागेत कुंपण रंगवताना शिडीवरून घसरलेले आजोबा हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांच्यात एक दिवस कर्टिस आला. चाळिशीला टेकलेला, दाराची चौकट वाकून ओलांडणारा अमेरिकन. तरुणपणी तो बेसबॉलमध्ये पगारी पिचर होता. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमध्ये नव्हे, तिच्या खालच्या लीगमध्ये. गाव गाव बसने फिरायचं, स्वस्त मोटेलच्या एका खोलीत सगळ्यांनी कोंबून झोपायचं, आणि दर स्प्रिंगला टीममधून नाव कटणार की राहणार म्हणून जीव मुठीत धरायचा. अशी वर्षं काढली. मग खांदा गेला, खेळ गेला. बायको लीड्सची, म्हणून इकडे आला.

पिचर म्हणजे आपला बोलर समजा. फक्त बॉलला टप्पा नाही, बोलरला रनअप नाही, आणि कोपर वाकवलं तरी अंपायर काही म्हणत नाही. सगळा जोर खांद्यातून काढायचा. खांद्याचा गोळा जागेवर धरून ठेवणारे चार छोटे स्नायू असतात, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. कर्टिसच्या कफमधला एक टेंडन अर्धा फाटलेला होता. कन्सल्टंट डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की उरलेला अर्धा फाटला तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. कर्टिसला एका शाळेत स्पोर्ट्स कोचची नोकरी लागली होती आणि ती लवकरच पर्मनंट व्हायची होती. बॉल फेकता न येणाऱ्या कोचला शाळा कशाला ठेवेल? हे त्यालाही कळत होतं. तरी दर रविवारी कीथच्या हौशी टीममधून खेळायचा मोह काही सुटत नव्हता. कीथ हा पबवाला आणि टीमचा मॅनेजर.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. शून्य ते दहापैकी किती दुखतंय, असं आम्ही पेशंटला विचारतो. कर्टिसचं उत्तर कायम "टू". हात धरून तो पांढराफटक पडला तरी टू. पगारी पिचर दुखतं म्हणाला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, त्यामुळे सवयच तशी लागलेली. मग मी विचारणं सोडलं आणि क्लिनिकमधला बिस्किटांचा डबा कपाटाच्या डोक्यावर ठेवायला लागले. "कर्टिस, तेवढा डबा काढून देतोस? माझा हात पुरत नाही." उजव्या हाताने काढला तर खांदा बरा. डाव्याने काढला तर आज व्यायाम कमी, बर्फ जास्त. हे टेक्निक कुठल्या टेक्स्टबुकात नाही. मला त्याचा भयंकर अभिमान होता.

एकदा प्लिंथवर, म्हणजे आमच्या तपासणीच्या पलंगावर, आडवा पडून तो आपणहून म्हणाला होता की खांदा गेला त्या दिवशी तो मॅचभर बाकाच्या टोकाला बसला होता आणि एकाही माणसाने येऊन विचारलं नाही. काय एकेक माणसं असतात, असं मी मनात म्हटलं आणि मशीनचा डायल फिरवला.

तर त्या रविवारी सीझनची शेवटची मॅच होती. क्लबला फर्स्ट एडसाठी कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. खरं कारण म्हणजे कर्टिसवर नजर ठेवायची होती. बेसबॉलमध्ये इनिंग छोट्या आणि बऱ्याच असतात; प्रत्येक इनिंगनंतर मी विचारणार आणि आकडा चारच्या वर गेला की तो थांबणार, असं आमचं ठरलं होतं. आणि नेमकं विचारायलाच बंदी.

कीथने मला कोपऱ्यात नेऊन कुजबुजत समजावलं. समोरच्या टीममधल्या एकालाही अजून कर्टिसचा बॉल मारून बेसवर, म्हणजे पळून गाठायच्या पहिल्या खुणेवर, पोचता आलं नव्हतं; असं पोचणं म्हणजे हिट. मॅच संपेपर्यंत असंच राहिलं तर त्याला एक खास नाव आहे, पण ते नाव उच्चारायचं नाही. पिचरजवळ बसायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, नाहीतर नाट लागते. शंभर वर्षांची रीत आहे म्हणे.

मी हसले नाही. आमच्याकडे वन-डे रंगात आली की बाबा आईला स्वयंपाकघराच्या दारातून हलू देत नसत. ती लाटणं हातात घेऊन उभी राहायची आणि भारत जिंकायचा. त्यामुळे मला हे सगळं पटलं. मी गुपचूप बसले आणि शंकरपाळे खाल्ले.

पण मग डोक्यात लख्ख उजेड पडला. खांदा गेला त्या दिवशी कुणी का विचारलं नव्हतं, ते आता कळलं. माणसं वाईट नव्हती. त्याचं सगळं छान चाललं होतं, म्हणून त्याला एकटं सोडलं होतं.

पुढची इनिंग संपवून कर्टिस परत आला. पाण्याची बाटली त्याच्या उजव्या बाजूला होती. माझ्याकडे बघत त्याने डावा हात आडवा नेऊन ती उचलली. टोपीही डाव्याच हाताने काढली. मी उठून कीथजवळ गेले.

"कीथ, त्याला काढ."

"आत्ता? मला या गावात पब चालवायचाय. तो स्वतः म्हणाला तर काढतो."

तो म्हणणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हक्काने थांबवायला मी काही टीमची बॉस नव्हते. मग मी डबा उचलला आणि सरळ चालत जाऊन त्याच्या शेजारी बसले. मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"किती?"

"टू."

"छान," मी म्हटलं. क्लिनिकमध्ये कमी ऐकू येणाऱ्या आजोबांसाठी एक आवाज ठेवलाय, तो काढला. "आणि अभिनंदन. अजून कुणालाच हिट मिळाला नाही. याला नो-हिटर म्हणतात ना?"

बाकावर सुतक पडलं. कीथने टोपी तोंडावर ओढली. कर्टिसने माझ्याकडे पाहिलं, मग शंकरपाळा घेतला. डाव्या हाताने.

"मागच्या वेळी कुठे होतीस तू?" तो हळूच म्हणाला.

मी डबा त्याच्यापुढे सरकवला.

तो परत मैदानात गेला. समोर एक चष्मेवाला अकाउंटंट बॅट घेऊन उभा होता. दिवसभर त्याने फक्त वारा घातला होता. कर्टिसचा बॉल संथ आणि सोपा आला आणि अकाउंटंटने तो फिल्डरच्या डोक्यावरून अलगद टाकला. तो इतका हबकला की पळायचंच विसरत होता. नो-हिटर संपला. आता पिचर बदलायला कुणाची हरकत नव्हती. कीथ मैदानात गेला आणि त्याने हात पुढे केला. पिचर कधी स्वतः बॉल देत नाही, पण मॅनेजरने हात पुढे केला की नाही म्हणत नाही. कर्टिसने बॉल त्याच्या हातात ठेवला.

मॅच आम्ही जिंकलो. पण मला कुणी चहाचंही विचारलं नाही. मी बाकाच्या टोकाला एकटी बसले होते आणि टीम दुसऱ्या टोकाला. शेवटी खांद्याला बर्फ बांधलेला कर्टिस येऊन माझ्याजवळ बसला. उरलेला डबा आम्ही दोघांनी संपवला.

स्कॅनमध्ये टेंडन होता तेवढाच फाटलेला दिसला. शाळेने त्याला पर्मनंट केलं. शेवटच्या अपॉइंटमेंटला मी धीर करून विचारलं, तो सोपा बॉल मी नाट लावल्यामुळे पडला की मुद्दाम टाकलास?

कर्टिस उठला. त्याने उजवा हात सरळ वर नेला, कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तू हा वर का ठेवतेस ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं," तो म्हणाला.

माझ्याकडे बघत मुद्दाम डाव्या हाताने उचललेली पाण्याची बाटली मला तेव्हा आठवली. तेव्हापासून पेशंट आकडा सांगतो तो मी लिहून घेते, आणि बघते मात्र त्याच्या हाताकडे. डबा आता टेबलावरच असतो.