यादवचा दुसरा फोटो

लग्नात नवरीचा फोटो सांगितला, तर काल्हेरचे फोटोग्राफर नरेंद्रभाऊ भोईर आचाऱ्याचा घामेजला चेहरा टिपून आणणार! बायको द्रौपदी कपाळावर हात मारायची. "नटवून काढला का माणूस न्हाय, बाहुला दिसतो," हे भाऊंचं ठरलेलं उत्तर.

दोन हजार चार साली भिवंडीत त्यांनी उत्तरेकडून आलेल्या यादव या कामगाराला लूमवर, कापडाच्या मागावर, भर ड्युटीत टिपलं. केस, भुवया सुताच्या धुळीने पांढऱ्याफटक. फोटो इतका जिवंत की भाऊ गल्लीभर मिरवले. यादवने तो गावी आईला पाठवला. कित्येक वर्षांत तिने लेकाला पाहिलं नव्हतं.

फोनवर आई रडली, "ये तो कोई बूढ़ा है! तुझे क्या हो गया, बेटा?" ती धूळ आहे, हे तिला पटेना. हाय खाऊन म्हातारी अंथरुणाला खिळली.

भाऊंनी आपला हट्ट गिळला. यादवला साबण लावून आंघोळ करायला लावली, आपला सदरा त्याच्या अंगात घातला, भांग पाडला आणि त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"मुलगी बघायला चाललास काय रे?" द्रौपदी हसली. यादवही लाजला.

रोल धुऊन आला, त्याच्या आदल्या दिवशीच आई गेल्याचा फोन आला होता. भाऊंनी कसंबसं पाकीट पुढे केलं. फोटोतल्या आपल्या काळ्याभोर केसांकडे यादव बघत राहिला.

"भाऊ, अब किसको भेजूँ?"