सोयरीक यांच्या मते

बाबांनी ती बातमी शुक्रवारी संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, शब्बाथची प्रार्थना, किद्दुश, आटोपल्या आटोपल्या सांगितली. "रविवारपासून मी पण येतो गो तुझ्या कॉलेजात."

मला वाटलं, ते मला पोचवायला येणार. मी हिब्रूत म्हणाले, काही गरज नाही, बस कोपऱ्यावरच मिळते. आमच्या घरात हे असंच चालायचं. ते मराठीत बोलायचे, मी हिब्रूत उत्तर द्यायचे, आणि आई मधेच दोघांना थांबवून विचारायची, आणखी भात वाढू का.

"पोचवायला नाय," बाबा म्हणाले. "शिकायला."

बाबा मुंबईत मॅट्रिक झाले होते. पुढे शिकायची फार हौस होती, पण आजोबा अचानक गेले आणि बाबा गिरणीत टाइमकीपर म्हणून चिकटले. मी नऊ वर्षांची असताना आम्ही, इतर मराठी ज्यूंसारखे, इस्राएलला आलो. अश्दोदच्या बंदरात त्यांना संत्र्यांच्या पेट्यांची मोजदाद करायचं काम मिळालं, आणि आता पन्नाशी ओलांडली तरी ते तेच करत होते. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की, विद्यापीठात कुणालाही वर्गात बसून ऐकता येतं. परीक्षा नाही, डिग्री नाही, नुसतं ऐकायचं. अशा माणसाला 'मोकळा श्रोता' म्हणत. बाबांनी गुपचूप फॉर्म आणून, भरून, शिक्का मारून घेतला होता. दुपारची पाळी असली की सकाळ मोकळी. विषय समाजशास्त्र, रविवार, जो इथे सुट्टीचा नसतो, आणि बुधवार, सकाळी दहा वाजता.

"तो तर माझा वर्ग आहे!" मी म्हणाले. त्या धक्क्यात चक्क मराठीत म्हणाले.

"म्हणूनच घेतला. ओळखीचं कोणतरी असलेलं बरं."

रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी मी त्यांना अट घातली: वर्गात तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हांला ओळखत नाही. आज हे लिहिताना लाज वाटते. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बरं. मग डबा कुठे देऊ?"

आमचं विद्यापीठ तेव्हा नवं होतं आणि अगदी छोटं. वाळवंटाच्या कडेला चार काँक्रीटच्या इमारती, पाचवी अर्धवट, आणि मधून जायला वाळूत टाकलेल्या फळ्या. वारा सुटला की वही झटकून मग लिहायला घ्यावं लागे. आमचे समाजशास्त्राचे प्राध्यापक चाळिशीचे होते. खाकी हाफपँट आणि सँडल घालून यायचे, टेबलावर बसून खुर्चीवर पाय ठेवायचे आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत शिकवायचे. मुलं त्यांना सरळ नावानं हाक मारत. हिब्रूत 'तुम्ही' नाहीच. प्राध्यापक असो, मंत्री असो की बसचा ड्रायव्हर, सगळ्यांना 'तू'.

पहिल्या रविवारी बाबा पावणेदहालाच येऊन पहिल्या रांगेत बसले. इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, लग्नातला टाय, केसांना तेल. मी तिसऱ्या रांगेत खाली सरकून बसले. प्राध्यापक आत आले आणि बाबा ताडकन उभे राहिले.

साठ मुलं बसलेली आणि एकटे बाबा उभे. प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीची पट्टी महिनाभर मोडलेली होती. ते म्हणाले, "आलास? छान. पण तास संपल्यावर दुरुस्त कर हं."

"नो सर," बाबा म्हणाले. "गुड मॉर्निंग सर."

प्राध्यापकांनी शिकवायला सुरुवात केली. बाबा उभेच. त्यांच्या शाळेत मास्तरांनी 'बसा' म्हटल्याशिवाय कोणी बसत नसे, आणि हे मास्तर काही म्हणेनात. दहा मिनिटांनी प्राध्यापकांना राहवेना. "तुला प्रश्न विचारायचाय का?" "नो सर." "मग बस ना!" "थँक यू सर," म्हणून बाबा बसले. त्या दिवसापासून प्राध्यापक वर्गात पाऊल टाकतानाच पहिल्या रांगेकडे बोट करून "बस, बस" म्हणायला लागले.

बाबांची दुसरी अडचण ते 'तू' होतं. शिकवणाऱ्याला अरे-तुरे करायला त्यांची जीभ वळेना. शेवटी त्यांनी स्वतःचीच वाट काढली. प्रश्न विचारायचा तर ते म्हणत, "सरांना असं वाटतं का की गरिबीनं माणूस बिघडतो?" पहिल्यांदा प्राध्यापकांनी मागे वळून पाहिलं, हे कोणते सर म्हणून.

मुलांनी त्यांना 'दोद' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे काका. ठरल्याप्रमाणे ते मला ओळख दाखवत नसत. फक्त निघताना, मी राहायचे त्या वसतिगृहाच्या चौकीदाराकडे माझ्या नावाचा डबा ठेवून जात. चपात्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. चौकीदाराला लोणच्याची सवय लागली आणि हळूहळू ते माझ्यापर्यंत पोचेनासं झालं.

खरी गंमत सुरू झाली ती इंग्रजीमुळे. व्याख्यानं हिब्रूत, पण वाचायचे लेख सगळे इंग्रजी. आम्हां मुलांचं इंग्रजी बेताचं. एका ओळीत सात शब्द अडायचे, आणि सातही डिक्शनरीत शोधेपर्यंत ओळ विसरायला व्हायची. ग्रंथालयात लेखाची एकच प्रत, तीही कॉफी सांडलेली. आमच्या वर्गात किब्बुत्सवरचा, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीतला, एक उंच मुलगा होता. इथे मुलामुलींना सैन्यसेवा सक्तीची; तो राखीव ड्यूटीवर महिनाभर जाऊन आला होता आणि त्याचं सगळंच राहिलं होतं. एक दिवस कँटीनमध्ये त्यानं पाहिलं, की काका चहात बिस्किट बुडवत तो भयंकर लेख वर्तमानपत्रासारखा वाचताहेत.

"तुला हे कळतं?" त्यानं विचारलं.

"का नाय कळणार?" बाबा म्हणाले. "इंग्लिश आहे."

दुसऱ्या आठवड्यात त्या टेबलाभोवती वीसेक मुलं होती. बाबा आधी मोठ्यानं इंग्रजी वाचत, मग चष्मा कपाळावर चढवून त्यांच्या मोडक्या हिब्रूत अर्थ सांगत. किब्बुत्सवाला लिहून घ्यायचा. त्याच्या शेजारी नेतिवोत गावची एक मुलगी बसायची. तिचं अक्षर सुंदर होतं, ती त्याच्या टिपणांची साफ प्रत काढायची, आणि त्या प्रतीवरून बाकीचे उतरवून घ्यायचे. मी मात्र दुसऱ्या टोकाला पाठ करून बसायचे आणि डिक्शनरीशी झटायचे. मला माझ्याच बापाकडून फुकट मिळत होतं ते घ्यायची सोय मी स्वतःच बंद करून ठेवली होती.

सत्राच्या शेवटी नातेसंबंधांवरचा एक चाळीस पानी लेख आला. आतेभाऊ, मामेबहिणी, कोणाचं कोणाशी लग्न होतं आणि का होतं. लेखात पावलोपावली विद्वानांची नावं, अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते. परीक्षेत त्यावर मोठा प्रश्न आला. मी पहिली चार पानं वाचली होती. त्या चार पानांच्या जोरावर मी सहा पानं लिहिली.

पेपर तपासून झाल्यावर प्राध्यापक वर्गात आले. बियांची पुडी नव्हती, हे पहिलं लक्षण. बाबांना "बस" म्हणायलाही ते विसरले. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा सोयरीक कोण?"

मागच्या रांगेतलं कोणीतरी वही चाळू लागलं.

"अकरा जणांनी त्याचा दाखला दिलाय. मी दोन दिवस ग्रंथालयात घालवले. विश्वकोश पाहिले. जेरुसलेमला एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, नाव ऐकल्यासारखं वाटतं." त्यांनी एक पेपर उचलला. "हा लिहितो, सोयरीक यांना हे मान्य नाही. ही लिहिते, सोयरीक यांच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या विचारांत फरक पडलेला दिसतो. आणि हा एक लिहितो, जिथे सोयरीक संपतो तिथे समाज संपतो. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी वहीत उतरवून घेतलं. पण हा माणूस आहे कोण?"

सगळ्यांनी किब्बुत्सवाल्याकडे पाहिलं. त्यानं नेतिवोतच्या मुलीकडे पाहिलं. तिनं वही उघडली आणि लेखाचं टिपण दाखवलं. बाकीच्या विद्वानांच्या रांगेत, सुंदर अक्षरात, सोयरीक.

एका क्षणात सगळं लख्ख कळलं. बाबांना लेखातल्या 'अलायन्स' या इंग्रजी शब्दाला हिब्रू सापडलं नसणार. ते म्हणाले असणार, याला आमच्यात सोयरीक म्हणतात. किब्बुत्सवाल्यानं घाईत फक्त तेवढा एक शब्द टिपला, मुलीला ते नाव वाटलं, आणि तिसऱ्या हातात जाईपर्यंत सोयरीक बोलायला लागला होता.

बाबा तर उभेच होते. त्यांनी टाय सारखा केला. "सर, चूक माझी. सोयरीक माणूस नाय."

"मग काय आहे?"

"सोयरीक म्हणजे..." बाबा अडखळले. हिब्रू संपलं, इंग्रजी पुरेना. प्राध्यापकांनी खडू पुढे केला. "इथे येऊन सांग."

बाबा फळ्यापाशी गेले. आधी त्यांनी फळा स्वच्छ पुसला, रुमालानं हात पुसले. मग दोन घरं काढली. म्हणाले, "लग्न दोन माणसांचं. सोयरीक दोन घरांची." आमचे लोक कोकणातले. एकेका गावात दोन नाहीतर तीन घरं, तेलाचे घाणे चालवणारी. आडनाव गावावरून. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, कुठले? दुसरा, तुमचे मामा कोण? एवढ्यात सगळं कळतं. बाबा घरं काढत गेले, रेघा जोडत गेले. कोकणातून मुंबई, मुंबईतून लोद, अश्दोद. फळा भरला तेव्हा त्यांनी शेजारच्या भिंतीकडे जरा आशेनं पाहिलं. प्राध्यापक पहिल्या रांगेत बाबांच्याच जागेवर बसून भराभर लिहून घेत होते.

"एखादं उदाहरण दे," ते म्हणाले. "खरं."

बाबा थांबले. "एक मुलगी आहे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी अजिबात पाहिलं नाही. "नाव नाय सांगत. तिच्या आत्यानं स्थळ आणलं. चांगलं घर. मुलाचे मामा आणि मुलीचे आजोबा मुंबईत शेजारी. मुलगा बँकेत. सगळ्यांना पसंत. सोयरीक जमली. पेढे पण वाटले."

"आणि मुलगी काय म्हणाली?"

"मुलीला विचारायचं राहिलं सर."

वर्ग हसला. बाबा नाही हसले. "तिथे चूक झाली. मुलगी सैन्यातून आली, सामान बांधलं आणि शिकायला निघून गेली. आत्या अजून बोलत नाय. मग बापाला वाटलं, बघावं तरी, घर सोडून पोर जाते असं काय आहे तिकडे."

आता कोणी हसत नव्हतं. खडूची धूळ त्यांच्या टायवर बसली होती. तेवढ्यात किब्बुत्सवाल्यानं हात वर केला. "दोद, मग त्या मुलीचं पुढे काय झालं?"

बाबा फळ्याकडे वळले. अट म्हणजे अट. मी त्यांना सत्रभर ओळख दाखवली नव्हती आणि ते साठ मुलांसमोर मलाच सांभाळून घेत होते. माझे पाय आपोआप सरळ झाले. मी उभी राहिले.

"ती मुलगी मी," मी म्हणाले. "हे माझे वडील. आणि पुढे काय झालं ते पेपर मिळाल्यावर कळेल."

काय गलका झाला! नेतिवोतची मुलगी ओरडली, "आणि तू एवढे दिवस दुसऱ्या टेबलावर बसत होतीस? वेडी आहेस का?" बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

प्राध्यापकांनी अकरा पेपर परत तपासले. त्यांचं म्हणणं पडलं की दहा जणांनी सोयरीक या माणसाला वगळून नुसती कल्पना ठेवली असती तर उत्तर बरोबरच होतं, तेव्हा निम्मे गुण. जिनं सुरुवातीचे आणि नंतरचे विचार शोधून काढले होते तिला शून्य, पण कौतुकासह. मला चार पानांचे मिळाले तेवढे मिळाले, म्हणजे नापास. उन्हाळ्यात फेरपरीक्षा द्यावी लागली. तिची तयारी बाबांनी स्वयंपाकघरात माझ्याकडून करून घेतली, चाळीसच्या चाळीस पानं, एकही शब्द न गाळता. आई म्हणाली, "एवढ्यात चार स्थळं बघून झाली असती." मग आम्हां दोघांचे चेहरे पाहून तिनं विषय बदलला.

फळ्यावरचं ते घरांचं जाळं प्राध्यापकांनी आठवडाभर पुसू दिलं नाही. एक दिवस त्याखाली कोणीतरी दोन नावं बाणानं जोडलेली दिसली. किब्बुत्सवाल्याचं आणि नेतिवोतच्या मुलीचं. बाबा ते पाहून गंभीर झाले आणि मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी विचारलं, "तिचे मामा कोण, काय माहीत आहे?"

पुढच्या वर्षी त्यांनी भूगर्भशास्त्र घेतलं. माझा तो विषय नव्हता, तरी अरादजवळच्या सहलीला मी त्यांच्याबरोबर गेले. इस्त्रीची पँट, टाय, हातात छत्री, खांद्याला डब्याची पिशवी. तरुण पोरं दगडावर बसून धापा टाकत होती आणि बाबा चढावर शिकवणाऱ्या बाईंच्या अगदी मागे. बाईंनी कड्यातला एक पांढरा थर दाखवला आणि सांगितलं, हा समुद्राचा तळ होता, कोट्यवधी वर्षांपूर्वी.

बाबांनी वही काढली आणि लिहून घेतलं. मी हळूच मराठीत विचारलं, "पण बाबा, आपल्या पंचांगात तर जगाला सहा हजार वर्षंही झाली नाहीत."

"माहीत आहे गो," ते छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरत म्हणाले. "आता ऐकायला आलो ना? बाई बोलतात तवर मधे बोलू नये."