ऐंशी हजारांचा बोटभर मासा

आमच्याकडे कोकणात मासे वाट्यावर विकतात. सातवीत शाळा सोडली ती आईबरोबर बाजारात बसायलाच, त्यामुळे माशांचे भाव मला कळतात असं मी समजत होते. नंदुरबारला आल्यावर हा समज गेला.

नवऱ्याला इथे पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर काम मिळालं. पथारी ज्यांची, त्या चाचांच्या घरी मला स्वयंपाकाचं काम मिळालं. परक्या गावात त्यांनी आम्हाला राहायला खोलीही दिली, ते उपकार आहेतच.

चाचांच्या मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. मिरचीची धूळ शिरू नये म्हणून दाराच्या फटीत ओला टॉवेल लावायचा. एके दिवशी मुंबईहून त्यात नवा मासा आला. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, माझ्या बोटाएवढा.

"केवढ्याला पडला, चाचा?"

"ऐंशी हजार."

मी हसले. चाची म्हणाल्या, "हासू नको वं. मी बी आधी हासनू, मंग रडनू."

चाचा थट्टा करत नव्हते. हा मासा फार खोल, उजेड जेमतेम पोचतो तिथे राहतो. त्याच्यासाठी माणूस पाठीवर हवेची नळकांडी बांधून जीव धोक्यात घालून उतरतो, आणि माशाला घेऊन थांबत थांबत, कित्येक तासांनी वर येतो. मला बाबांच्या होडीतले खोल पाण्यातले मासे आठवले. दोरी भराभर ओढली की त्यांची आतडी तोंडातून बाहेर यायची. आम्ही ते तसेच टोपलीत टाकायचो. त्यातला एखादा जिवंत वर आणता येतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी माझ्या हातून भाकरी करपली.

मग उन्हाळ्यात चाचा चार दिवस इंदूरला गेले. जाताना मला म्हणाले, "बेटा, टाकीतलं पाणी या काचेवरच्या रेघेखाली जाऊ देऊ नको. ड्रममधलं टाकत जा." ड्रम दोन होते, एक खाऱ्या पाण्याचा, एक गोड्या. मी विचारलं नाही. समुद्रातल्या माशाला गोडं पाणी दाखवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. आम्ही मासे धुतो तेसुद्धा समुद्राच्याच पाण्याने. मी रोज दोन तांबे खारं पाणी ओतत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मासा तळाशी पडून होता, कल्ले भराभर हलत होते. टाकीच्या काठावर पांढरा थर दिसला. बोट लावून चाटलं तर मीठ. तेव्हा गावचं मिठागर डोळ्यांसमोर आलं. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणजे टाकीतलं मीठ जागेवरच होतं आणि मी वरून आणखी घालत होते.

नोकरी, खोली, नवऱ्याचं काम, सगळं त्या तळाशी पडलेल्या बोटभर जिवाबरोबर जाणार असं वाटलं. गप्प बसावं असंही मनात आलं, खोटं कशाला लिहू? पण मासा वाचवायचा कसा, ते चाचांनाच ठाऊक. फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रडू नको. एक तांब्या टाकीतलं काढ, एक गोडं टाक. अर्ध्या तासाने पुन्हा. घाई करू नको, त्याला हळूहळूच सोसतं."

संध्याकाळपर्यंत मी घड्याळासमोर बसून तेच केलं. चाची दारातून शेजारणीला सांगत होत्या, "हाई पोर ऐंशी हजारना मासा खारवी ऱ्हायनी व्हती." अंधार पडायच्या सुमारास मासा तळावरून वर आला आणि मी टाकलेला दाणा त्याने उचलला.

चाचा परतले तेव्हा मी आमच्या कपड्यांची पिशवी भरूनच ठेवली होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. "कुठल्या ड्रममधलं, ते सांगायला मीच विसरलो," म्हणाले, आणि टाकीच्या खोलीची चावी माझ्या हातात दिली.

ती आजही माझ्या कमरेला असते. आईला फोनवर माशाचा भाव सांगितला तर ती म्हणाली, "चेष्टा पुरे, जेवलीस का ते सांग."