राबातला निखारा

आत्ताच सांगते, नायतर झोपेन! डबल ड्युटी करून मुरबाडला उतरले आणि भातरोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्या राबाचा वास आला नि बाबांचं आठवलं.

तेव्हा नववीत होते. बाईंनी शिकवलेलं, चटका बसला की मेंदूला कळायच्या आधीच मज्जारज्जू हात मागे ओढतो. त्याच आठवड्यात राब भाजताना बाबांनी चिमटीत निखारा उचलून विडी पेटवली. हात हललाच नाय.

“बाबा, तुमचा मज्जारज्जू झोपला काय?” मी खिदळले.

“दमलाय गो तो पन,” बाबापण हसले.

बोटाला फोड आलेला, त्यांना पत्ताच नाय. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, हाताच्या नसा मेल्यात, यांना आधी आणायचं होतं. परीक्षेत त्याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते.

शिकलेलं समोर दिसत असताना तुमी पण असे कधी नुसते हसलात काय?