नानांच्या खिशातली डाळ

भाड्याचं घर बघायला निघताना माणसं ओळखीपाळखीचा कुणीतरी बरोबर घेतात. नाना नाझर कोटाच्या खिशात तुरीच्या डाळीची पुरचुंडी घेत. घरमालकाला ते आधी खोल्या उघडूच देत नसत. ती डाळ त्याच्या बायकोच्या हवाली करायची, तिने ती घरच्या विहिरीच्या पाण्यात शिजत घालायची आणि तोवर नाना ओट्यावर बसून मालकाचा चहा पिणार. डाळ चुलीवरून उतरली की एक दाणा चिमटीत धरून दाबायचा. दबला नाही की नाना टोपी घालून उठत. "शिजनी नही. पानी जड शे. चला."

नानांना स्वतःला घर नको होतं. त्यांचं चांगलं पाच खोल्यांचं, मातीच्या सपाट छताचं धाब्याचं घर होतं. घर हवं होतं आम्हाला. स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी वडिलांची सांगलीहून जळगावच्या कोर्टात बदली झाली. आई, वडील आणि आम्ही चार भावंडं वळकट्यांसह स्टेशनबाहेरच्या धर्मशाळेत उतरलो. नाना त्याच कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले; पेन्शन झाली तरी रोज एकदा कचेरीत डोकावून जात. नवा कारकून बायकोमुलांसह धर्मशाळेत पडलाय हे तिथे कळल्यावर ते तडक येऊन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "पोरे आठे झोपतीन? मनं घर काय पडी गयं का?" उत्तराची वाट न बघता त्यांनी आमची मोठी ट्रंक उचलली. ती त्यांना झेपली नाही, पण खाली ठेवायलाही ते तयार नव्हते, तेव्हा वडिलांना दुसरी कडी धरून त्यांच्या मागे जावंच लागलं.

दोनचार दिवसांत घर बघू आणि निघू, असं ठरलं होतं. नाना म्हणाले, घराचं माझ्याकडे लागलं. कोर्टात एवढी वर्षं काढल्यामुळे कुणाचं घर रिकामं आहे, कुणाचं जप्तीत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. घर दाखवायला ते रोज नेत, आणि रोज आम्ही परत येत असू. एका मालकाला फार लागलं. तो म्हणाला, "नाझरसाहेब, आम्ही तीन पिढ्या याच पाण्याचं वरण खातो." नानांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "ते तुमना तोंडवर दिखस."

डाळीशिवायही त्यांच्या हरकती असत. एका घराची उघडी भिंत पश्चिमेला. "उन्हाळामा पोरे भाजाई जातीन." एका ठिकाणी मालकीणबाई आम्ही जाईपर्यंत बोलत होत्या. नाना बाहेर आल्यावर म्हणाले, "भलती बोलस. आपले बोलाले जागाच नही." यात त्यांचा मुख्य आक्षेप स्वतःला बोलायला न मिळण्याबद्दल होता.

मला नाना फार आवडत. त्यांच्या तोंडी आमच्यासाठी एक गोड शब्द नसे. त्यांनी केळीचा अख्खा घड आणून मधल्या खोलीच्या तुळईला टांगला आणि आम्हाला बजावलं, "ह्या घडले कोनी हात लावाना नही." तिसऱ्या दिवशी दांडा उरला. नानांनी दांड्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि संध्याकाळी दुसरा घड आणून तीच ताकीद पुन्हा दिली. पाऊस नसेल त्या रात्री आम्ही चौघं त्यांच्याबरोबर धाब्यावर झोपायचो. त्यांची बायको, नानी, तीन वर्षांपूर्वी वारली होती, एकुलती मुलगी दोंडाईच्याला दिलेली. आमच्या आधी त्या धाब्यावर एकच अंथरूण पडत असे, असं शेजारच्या अक्कांनी आईला सांगितलं.

आई मात्र आतून उसवत चालली होती. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या चुलीवर, भाडं देऊ म्हटलं तर नाना ऐकू न आल्यासारखं करणार. आपण आश्रित झालो, हे तिला सहन होईना. श्रावण गेला, गणपती गेले. नवरात्रात एके दुपारी तिने वडिलांना स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत माझी चूल मला मिळाली तर ठीक. नाहीतर मी पोरांना घेऊन सांगलीला जाते. तुम्ही इथे खुशाल एकटे राहा." पलीकडच्या खोलीत नाना एकदा खोकले. वडील म्हणाले, "नाना बघताहेत ना." आई म्हणाली, "तेच तर."

त्यानंतर दोन दिवसांनी नानांच्या गावाकडची माणसं अचानक जेवायला आली. घरातली डाळ संपलेली, वाण्याचं दुकान बंद. खुंटीवर नानांचा कोट होता. आईने खिशातली पुरचुंडी काढली आणि डाळ शिजत घातली. पाणी नेहमीचंच, ज्यात तिचं वरण रोज लोण्यासारखं होई. पाहुणे पिठलं-भाकरी खाऊन गेले, सुपारी खाऊन गेले, तरी डाळ होती तशीच टणक. आईने फळीवर शोधलं. अगदी मागे, नानींच्या हातची म्हणून आमच्यापैकी कुणी न हलवलेली एक बरणी होती, आणि तिच्यात तीच डाळ होती. इतकी जुनी डाळ गंगेच्या पाण्यातही शिजली नसती.

दुसरी बाई असती तर घर डोक्यावर घेती. आई वडिलांनाही काही बोलली नाही. संध्याकाळी वाणी उघडल्यावर तिने ताजी डाळ आणली, पुरचुंडीत बांधली आणि कोटाच्या खिशात ठेवून दिली.

पुढचं घर मेहरूणच्या बाजूला होतं, नानांच्या घरापासून गावाचं दुसरं टोक. त्या दिवशी आईही आली आणि मला घेऊन आली. डाळ चुलीवर गेली, नानांनी चहा घेतला, बशीतला शेवटचा घोटही घेतला. पातेलं आलं. नानांनी दाणा दाबला आणि त्यांच्या बोटाला वरण लागलं. त्यांनी दुसरा दाबला. मग त्यांनी आईकडे बघितलं. आई अंगणातल्या लिंबाकडे बघत होती.

"शिजनी," नाना म्हणाले. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मालकाला म्हणाले, "घर चांगलं शे." कुठल्याही घराबद्दल हे वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. परतताना ते आमच्या चार पावलं पुढे चालत होते.

दिवाळी आम्ही नव्या घरात केली. नाना दर रविवारी येत. ओट्यावर बसून घराच्या सगळ्या खोडी काढत. कडी नीट बसत नाही, मोरीला उतार नाही, मालक कंजूष आहे. आई चहा देई आणि म्हणे, "घर तुम्हीच पास केलंत नाना." त्यावर नाना कपाची कड तपासत.

सहासात वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. दोंडाईच्याहून मुलगी आली होती. आई रोज दुपारी मऊ भात घेऊन जाई, बऱ्याचदा मी बरोबर असे. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यात, मुलगी विहिरीवर गेलेली असताना, नानांनी दोन घास खाल्ले आणि आईचा हात थांबवला.

"माय, ती डाळ तू बदलेल व्हती ना?"

"हो नाना."

"माले तवयच समजनं."

"मग तरी पाणी जड आहे म्हणायचंत. तुमचा शब्द कोण मोडणार होतं?"

"दिवाई तोंडवर येल व्हती. तू पोरेसले घिसन सांगलीले जाती." त्यांना धाप लागली. "आठे गावमा तरी ऱ्हायनात."

आईने त्यांची पाठ चोळली. मग ती म्हणाली, "नाना, तुम्ही एकदा नुसतं 'राहा' म्हणाला असतात ना, तर मागच्या पडवीत मी माझी चूल मांडली असती. भाडं तुमच्या हातात कोंबलं असतं आणि राहिले असते."

नाना छताकडे बघत होते. अर्ध्या जळगावच्या घरमालकांना तोंडावर नकार देऊन आलेला हा माणूस इतक्या हळू बोलला, की मला पुढे वाकावं लागलं.

"माले वाटनं, तू नही म्हनशी."

आईने वाटी खाली ठेवली.

"नसते म्हणाले, नाना."